हुकूम आणि पोच : भिंतीवरचं स्मार्ट पॅनल निवडताना

रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या शिवारात थ्री फेज लाइट येते, तेव्हा केळीबागेचा मालक बहुतेक वेळा घरी अंथरुणावर असतो. तो उशाजवळचा फोन उचलतो आणि मोटरीचा नंबर लावतो. दोन-तीन किलोमीटरवर, विहिरीशेजारच्या खोलीत, भिंतीवरच्या लोखंडी पेटीत खट्ट असा आवाज होतो आणि फोनमधून निरोप येतो की मोटर चालू झाली. माणूस कूस बदलून झोपतो. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर, दार नसलेली खोली, पाली, मुंग्या, मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन, आणि तरीही ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालते.

याच माणसाने गावात नवा बंगला बांधला की हॉलमध्ये काचेचं टच पॅनल येतं. त्याला काम काय, तर नऊ वॅटचे चार बल्ब आणि एक पंखा. पण रात्री अडीचला लाइट जाऊन आली की हॉलचे सगळे दिवे आपोआप पेटतात. नेट गेलं की फोन म्हणतो पॅनल ऑफलाइन आहे. जिन्यातला दिवा वरून बंद केला तरी खालचं पॅनल तो चालूच असल्याचं दाखवतं. शेतातली गबाळी पेटी शहाण्यासारखी वागते आणि घरातली चकचकीत काच गोंधळते, हे कसं?

हे कोडं सुटलं की घरासाठी कोणतं पॅनल घ्यावं हा प्रश्न अर्धा सुटतो. म्हणून दुकानात जाण्याआधी विहिरीवर जाऊ.

पत्र्याच्या खोलीतलं शहाणपण

पेटीच्या दारावर लाल, पिवळा, निळा असे तीन छोटे दिवे असतात, प्रत्येक फेजला एक. त्यांच्या खाली व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर. एक हिरवं बटण, एक लाल. दार उघडलं की आत जाड तारांचा कॉन्टॅक्टर, कोपऱ्यात कुंभारीण माशीने बांधलेलं मातीचं घर आणि बाजूला सिमकार्ड घातलेलं एक लहानसं यंत्र. त्याला कुणी मोबाईल स्टार्टर म्हणतं, कुणी मोबाईल ऑटो.

फोनवरून हुकूम आला म्हणून हे यंत्र लगेच मोटर लावत नाही. आधी ते तीनही फेज आहेत का हे पाहतं, कारण दोनच फेजवर लावलेली मोटर जळते. व्होल्टेज पुरेसं आहे का हे पाहतं. मग ठरवून दिलेला वेळ थांबतं आणि त्यानंतर कॉन्टॅक्टर ओढतं. तरीही त्याचं काम संपत नाही. मोटरीच्या तारेभोवती एक कडं बसवलेलं असतं. त्या कड्यातून, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरमधून, मोटर किती करंट ओढते आहे हे त्याला कळतं. नेहमीइतका करंट दिसला की मगच ते 'चालू' म्हणून कळवतं. करंट फारच कमी असेल तर विहिरीला पाणी नाही, मोटर कोरडी फिरते आहे असं समजून ती बंद करतं.

मधलं ते थांबणं छोटं नाही. साध्या ऑटो स्विचला थांबणं माहीत नसतं. लाइट आली की तो मोटर लावतो, आणि शिवारातले सगळे ऑटो त्याच क्षणी तेच करतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते, सगळ्यांचा भार एकदम येतो आणि डीपी बसते. महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढून टाकायला सांगत आलं आहे ते यासाठी.

या पेटीकडून तीन गोष्टी शिकायच्या. निर्णय जागेवरच होतो, दूरच्या कुठल्या संगणकावर नाही. प्रत्येक हुकमाची पोच मिळते. आणि सिम बंद पडलं, फोन हरवला, तरी हिरवं बटण हाताने दाबता येतं. यातली पोचेची गोष्ट भुसावळ विभागातल्या रेल्वेवाल्यांना वेगळी सांगायला नको. सांधा बदलायचा हुकूम गेला एवढ्यावर सिग्नल हिरवा होत नाही. सांधा खरोखर बदलून घट्ट बसल्याची पोच आली की मगच होतो. सावदा स्टेशनातून सुटणारी केळीची गाडीही अशा पोचेशिवाय जागची हलत नाही.

बोट काचेवर, काम काचेमागे

आता घरातल्या पॅनलच्या पोटात शिरू. काचेमागे प्रत्येक खुणेखाली धातूची एक पातळ पट्टी असते आणि तिच्यावर किंचित विद्युतभार ठेवलेला असतो. आपलं शरीर म्हणजे मिठाचं पाणी. बोट जवळ आलं की तो भार थोडासा हलतो, आणि आतली चिप तेवढ्या हालचालीवरून ओळखते की कुणीतरी हात लावला. काच दाबली जात नाही, फक्त बोटाची चाहूल लागते.

पण ही चिप तीन-पाच व्होल्टवर जगणारी. २३० व्होल्टचा पंखा ती चालवणार कशी? इथे रिले येतो. केळीला बारं देणारा माणूस खोऱ्याने चार ढेकळं बाजूला करतो आणि पाणी वाफ्यात धावतं. पाण्याचा जोर त्या माणसाचा नसतो, तो फक्त तोंड उघडतो. रिलेतही चिप एका लहान कॉइलला थोडा करंट देते, कॉइलचं चुंबक होतं, ते एक पट्टी ओढून घेतं आणि मोठ्या करंटची वाट मोकळी होते. टच पॅनलमधून येणारा बारीक 'टक' आवाज त्या पट्टीचा.

पट्टी लहान असली तर तिला पेलणारं पाणीही मर्यादितच. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, ३,००० वॅटचा १३ अँपिअर. पॅनलच्या मागच्या बाजूला एका पॉइंटची क्षमता छापलेली असते. तो आकडा अनेकदा गीझर किंवा जुन्या बल्बसारख्या निव्वळ तापणाऱ्या वस्तूंसाठी दिलेला असतो, एसी किंवा गच्चीवर पाणी चढवणाऱ्या मोटरीसाठी नाही. या मोटरी सुरू होताना उसळी घेतात, रिलेच्या टोकांवर ठिणगी पडते आणि एखाद्या दिवशी टोकं एकमेकांना चिकटतात. मग काचेवर 'बंद' दिसतं आणि एसी चालूच राहतो. म्हणून अशा जड वस्तूंना पॅनलच्या रिलेवर थेट टांगू नये. मध्ये वेगळा कॉन्टॅक्टर ठेवावा. पॅनलने कॉन्टॅक्टर हलवायचा, भार कॉन्टॅक्टरने सोसायचा. विहिरीवर हेच चालतं.

पंख्याचंही पाहून घ्या. नव्या बीएलडीसी पंख्याच्या पोटात स्वतःचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याला सरळ, पूर्ण २३० व्होल्ट लागतात, आणि पॅनलमधला रेग्युलेटर त्याला चालत नाही. घरात असे पंखे लावणार असाल तर पंख्यासाठी साधा चालू-बंद पॉइंट घ्या.

बोर्डातली काळी तार

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एका काळ्या तारेची आहे.

साध्या बटणाला फक्त फेज लागते. लाल तार बटणात येते, बटण दाबलं की पुढे बल्बकडे जाते, आणि बल्बमधून काळी न्यूट्रल तार परत जाते. न्यूट्रल बटणापर्यंत यायची गरजच नसते. जुन्या घरांत वायरमनने तार वाचवण्यासाठी ती वरच्या वर बल्बकडे नेलेली असते. साधं बटण बंद असलं की पूर्ण निपचित असतं. त्यामुळे त्याचं काही अडत नाही.

स्मार्ट पॅनल मात्र कधीच झोपत नाही. दिवा बंद असला तरी बोटाची चाहूल आणि फोनचा निरोप घ्यायला त्याला जागं राहावं लागतं, आणि जागं राहायला थोडी वीज लागते. विजेला जायला एक वाट आणि परतायला दुसरी, अशा दोन्ही वाटा हव्यात. म्हणून बोर्डात न्यूट्रल हवी. न्यूट्रलशिवाय चालणारी पॅनलं मिळतात, पण ती आपली वीज दिव्यातूनच चोरून परत पाठवतात. जुन्या साठ वॅटच्या बल्बला त्याचा पत्ताही लागत नसे. एलईडी मात्र तेवढ्या विजेवरही मिणमिणतो, लुकलुकतो. बटण बंद करूनही दिवा अंधुक जळत राहण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

तुमच्या बोर्डात न्यूट्रल आहे का हे कसं कळेल? मेन बंद करून वायरमनला बोर्डाची पाटी काढायला सांगा आणि शेजारी उभं राहून स्वतः पाहा. लाल, पिवळी किंवा निळी ती फेज, हिरवी ती अर्थिंग, काळी ती न्यूट्रल. मात्र जुन्या घरात रंगांवर विसंबू नका. हाताशी होती ती तार ओढून काम भागवल्याची कितीतरी उदाहरणं निघतात, त्यामुळे वायरमनने मोजून सांगितलेलंच खरं. बोर्डावर प्लगचा सॉकेट असेल तर न्यूट्रल बहुधा मिळतेच, कारण सॉकेटला ती लागतेच. नुसती दोन बटणं असलेल्या बाथरूमबाहेरच्या किंवा जिन्यातल्या बोर्डात ती नसण्याची शक्यता जास्त.

जागं राहण्याचाही खर्च असतो. एका पॅनलला अर्धा वॅट धरला तर घरभर वीस पॅनलं मिळून दहा वॅट, म्हणजे वर्षाला साधारण ८८ युनिट. फार नाही, पण प्रत्येक बाथरूममध्ये स्मार्ट बटण लावण्याआधी ध्यानात घ्यावं इतकं आहे.

इन्व्हर्टरची लाइन

परदेशी माहितीपत्रकात ही अडचण तुम्हाला सापडणार नाही. आपल्याकडच्या घरात बऱ्याच बोर्डांवर दोन फेज येतात. एक महावितरणची सरळ, दुसरी इन्व्हर्टरमधून आलेली. दिवे आणि पंखा इन्व्हर्टरवर, गीझर-एसीचा पॉइंट सरळ लाइनवर. साध्या बटणांत हे सहज जमतं, कारण प्रत्येक बटणाला आपापली तार असते.

पुष्कळ टच पॅनलांना मात्र फेज आत घ्यायला एकच जागा असते. मग त्या पॅनलवरचं सगळं इन्व्हर्टरवर तरी जातं किंवा सगळं त्याच्याबाहेर तरी राहतं. घाईत कुणी सगळं इन्व्हर्टरवर टाकलं आणि घरातल्या कुणी लाइट गेलेली असताना इस्त्री लावली, तर इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन सगळं घर अंधारात. पॅनल घेताना हा प्रश्न जरूर विचारा: याला फेजच्या दोन वेगळ्या जागा आहेत का? नसतील तर इन्व्हर्टरच्या दिव्यांचं पॅनल वेगळं आणि जड वस्तूंचा बोर्ड वेगळा ठेवा.

राउटरही इन्व्हर्टरवरच हवा. लाइट परत आल्यावर राउटर जागा व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि तोवर वायफायची सगळी पॅनलं आंधळी असतात.

रात्री अडीचला पेटणाऱ्या दिव्यांचं उत्तरही इथेच आहे. लाइट परत आल्यावर रिलेने काय करायचं, हे पॅनलच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं: सगळं चालू, सगळं बंद किंवा जसं होतं तसं. आपल्यासारख्या वारंवार लाइट जाणाऱ्या भागात तिसरा पर्यायच हवा. ज्या पॅनलमध्ये तो नाही, ते माझ्या मते सावद्यात बसवूच नये.

निरोप कोणत्या वाटेने जातो?

घरातल्या दिव्यांना दुरून हुकूम देण्याची कल्पना नवी नाही. स्कॉटलंडमधल्या एका कंपनीने १९७५ साली एक्स-टेन नावाची पद्धत काढली. तिचे निरोप घरातल्या विजेच्या तारांतूनच जात. आज मुख्य वाटा तीन.

वायफाय सगळ्यात स्वस्त, कारण राउटर घरात असतोच. पण सावद्यातली जुनी धाब्याची घरं आठवा. हात-दीड हात जाडीच्या भिंती उन्हाळ्यात घर गार ठेवतात आणि वायफायलाही तितक्याच निगुतीने अडवतात. बहुतेक पॅनलं २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात, तरी तीन भिंती ओलांडताना थकतात.

झिगबीची रीत वेगळी. तिच्यात विजेवर चालणारं प्रत्येक पॅनल शेजारच्या पॅनलचा निरोप पुढे पोहोचवतं. ओट्यावरची बातमी गल्लीच्या टोकाला पोहोचते, ती कुणी ओरडून नाही, तर एकाने दुसऱ्याला सांगून, अगदी तशीच. जाड भिंतींच्या मोठ्या घराला ही पद्धत मानवते. मात्र निरोपांचा हिशेब ठेवायला हब नावाची एक छोटी पेटी लागते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी एकमेकींची भाषा समजावी म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर नावाचं समाईक मानक आलं. नवं काही घेताना डब्यावर ती खूण असेल तर चांगलंच.

तिसरी वाट तारेची. सुमारे ३० व्होल्टची एक पातळ केबल सगळ्या पॅनलांना जोडते आणि तिच्यातून निरोप आणि पॅनलांपुरती थोडी वीज जाते. रिले डीबीत, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्डात, एका जागी बसवलेले असतात. युरोपातून आलेली केएनएक्स ही या घराण्यातली सगळ्यात नावाजलेली पद्धत. ना वायफायची रड, ना भिंतीची. पण केबल प्लास्टरच्या आधी टाकावी लागते, खर्च बराच आणि ती जाणणारा माणूस जवळ हवा. जळगावहून किंवा त्याहूनही लांबून माणूस यायला चार दिवस लागणार असतील, तर ते चार दिवस अंधारात बसायची तयारी आहे का, हे आधी घरच्यांना विचारा.

जिन्याचा दिवा आणि हरवलेली पोच

जिन्यातला टू-वे दिवा खाली लावायचा, वर बंद करायचा. त्या दोन बटणांमध्ये दोन तारा धावतात. दोन्ही बटणं एकाच तारेवर टेकली की दिवा लागतो, वेगवेगळ्या तारांवर असली की विझतो. त्यामुळे बटण वर आहे की खाली यावरून काही कळत नाही. दिव्याकडेच पाहावं लागतं. दिवा हीच पोच.

स्मार्ट पॅनल लावलं की रिले एका टोकाला बसतो आणि दुसऱ्या टोकाचं पॅनल फक्त निरोप पाठवतं. वरच्याने दिवा बंद केल्याचं खालच्याला कळवणारी वाट हवी, नाहीतर सुरुवातीला सांगितलेला घोटाळा होतो. म्हणून दुकानात एक चाचणी घ्या. फोनवरून दिवा बंद करा आणि पाहा, पॅनलवरचा ठिपका लगेच बदलतो का. मग उलट करा. पोच दोन्हीकडून आली पाहिजे. हुकूम सगळीच पॅनलं घेतात. पैसे पोचेचे द्यायचे.

हात कुणाचे आहेत?

घर ज्यांचं त्यांच्या हातांकडे बघून पॅनल निवडावं. ओल्या हाताने काच गोंधळते, कारण पाण्याचा थेंबही तिला बोटासारखाच वाटतो. कणकेचे हात, शेतातून आलेल्याच्या बोटांवरचा केळीचा चीक, यांचे डाग पांढऱ्या काचेवर बसतात. अंधारात काच चाचपता येत नाही. जुन्या बटणाचा उंचवटा बोटाला वाट दाखवतो. मोतीबिंदू झालेल्या आजीला सहा एकसारख्या ठिपक्यांतून पंखा शोधायला लावणं मला पटत नाही. तिच्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि बाथरूमबाहेर दाबायची खरी बटणं ठेवा आणि त्यांच्यामागे, बोर्डाच्या डब्यात, छोटं स्मार्ट मॉड्यूल लपवा. हात जुनाच राहतो आणि फोनही चालतो. राहत्या घरासाठी मला हा पर्याय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. डबा खोल असला की झालं.

टॅब्लेटसारखं पडद्याचं पॅनल हवंच असेल तर घरात एक पुरे, आणि ते पश्चिमेच्या भिंतीवर नको. आपल्याकडे उन्हाळ्यात ती भिंत संध्याकाळीही हाताला चटका देते. त्यात कायम चार्जिंगवर असलेल्या बॅटरीचा टॅब्लेट लावला तर बॅटरी फुगते. बॅटरी नसलेलं, किमान ५० अंशांपर्यंत चालेल असं छापलेलं पॅनल घ्या.

मे-जूनच्या वादळात केळी आडवी होते तेव्हा विजाही पडतात, आणि कधी खांबावरची न्यूट्रल तुटून घरात २३०च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येतो. साधं बटण हे सोसतं, चिप सोसत नाही. म्हणून डीबीमध्ये सर्ज आणि जादा व्होल्टेजपासून वाचवणारी उपकरणं आधी बसवा, पॅनल नंतर. अर्थिंग ठीक नसेल तर सर्जचं उपकरण नुसतं शोभेचं राहतं.

चौकट : दुकानदाराला आणि वायरमनला विचारायचं ते

• प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आहे का? डबा किती खोल आहे?
• पॅनलला इन्व्हर्टरची आणि सरळ लाइनची फेज वेगवेगळी देता येते का?
• एका पॉइंटची क्षमता किती अँपिअर? मोटरीच्या भारासाठी किती?
• लाइट आल्यावर पूर्वीची स्थिती जशीच्या तशी येते का?
• इंटरनेट पूर्ण बंद असताना भिंतीवरचं बटण आणि घरातला फोन, दोन्ही चालतात का?
• बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार, आणि कुठून?

कंपनी उद्या नसली तर?

चौकटीतला पाचवा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवतो. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर काही न कळवता बंद झाले. ज्यांच्या घरात तिची उपकरणं होती, त्यांचं ॲप एका सकाळी मुकं झालं. भिंतीवरची बटणं हाताने चालत होती, पण फोनवरचे हुकूम आणि लावून ठेवलेल्या वेळा थांबल्या. काही आठवड्यांनी ग्राहकांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेऊन सर्व्हर पुन्हा सुरू केले. ज्या पॅनलचा निर्णय घरातच होतो, त्याला ही भीती नाही. दुकानात राउटरची इंटरनेटची तार काढायला लावा आणि मग फोनवरून दिवा लावून दाखवायला सांगा. लागला, तर पॅनल घ्यायला हरकत नाही.

आणि घर बांधकामात असेल तर एक काम या आठवड्यातच करा. प्रत्येक बोर्डाच्या डब्यात न्यूट्रल आणायला सांगा, तिथे डबा खोल बसवा, दोन डब्यांमध्ये एक रिकामा पाइप टाकून ठेवा. प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा, झिरीतले पाइप दिसतील असा, मोबाईलवर फोटो काढा. फोटोत मोजपट्टी उभी धरा म्हणजे जमिनीपासूनची उंची कळेल. ते फोटो वायरमनच्या फोनमध्ये नव्हे, तुमच्याकडे ठेवा.